एक सूत खाली

सुताराची पेटी उघडून पाहा. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या, वाकस. ही नावे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. पण आता खेड्यापाड्यांतल्या सुताराकडे आणखी एक वस्तू आली आहे. ती पेटीत मावत नाही. एक लोखंडी टेबल असते. त्याच्या मधोमध चीर असते. त्या चिरेतून गोल, दातेरी पाते वर आलेले असते. खाली विजेची मोटर. कोणी त्याला टेबल कटर म्हणतात, कोणी टेबल सॉ. आपण नुसते 'मशीन' म्हणू या.

हे मशीन कसे चालवावे ते दुकानदार सांगतो. बटण कुठे, पाते कसे बदलायचे, तेल कुठे घालायचे, सगळे सांगतो. पण ते घरात कुठे ठेवावे, आणि त्याच्या मागे काय ठेवावे, हे कोणी सांगत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

आमच्या गावात एक सुताराचे घर आहे. बाप आणि लेक दोघेही कामाचे. बाप जुन्या वळणाचा. जमिनीवर फतकल मारून बसायचे, लाकूड पायाच्या अंगठ्यात नि टाचेत धरायचे, आणि करवत चालवायची. त्याला बाक नको, शिकंजा नको. पाय हाच त्याचा शिकंजा. आपल्या देशातले सुतार पिढ्यान् पिढ्या असेच काम करीत आले. त्यात काही कमीपणा नाही. अशा बैठकीने मोठाले वाडे उभे राहिले आहेत.

लेक पाच-सहा वर्षे पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात होता. तिथे उभ्याने काम. परत आला तो मशीन घेऊनच. घराच्या बाजूच्या पडवीत मांडले. मशीनची उंची 34 इंच. त्याच्या मागे फळी टेकायला काहीतरी हवे, म्हणून घरातले एक जुने टेबल ओढून ठेवले. ते होते 30 इंच. चार इंचांचा फरक. लेक म्हणाला, "चालतंय. टेकायलाच तर हवंय."

आठ-दहा दिवस चालले. मग एके दिवशी दाराच्या फळ्या चिरायच्या होत्या. आठ फुटी सागवान. फळी पुढे सरकली, पात्यापलीकडे गेली, आणि तिचे पुढचे तोंड खाली झुकले. तोंड झुकले म्हणजे शेपूट वर उठणारच. पोराने काय केले? वर उठणारे शेपूट डाव्या हाताने दाबले. दाबता दाबता हात घसरला. पाते मधल्या बोटाच्या टोकाला लागले.

हाड वाचले. तालुक्याच्या गावी नेऊन पाच टाके घातले. दीड महिना हात बांधलेला. दारांचे काम दुसऱ्याकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "गुरुजी, मशीनचा दोष नाही. माझाच हात आडवा आला."

बाप कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "हात आडवा आला नाही, लेका. हात तिथं जायला लागला. का जायला लागला ते बघ."

म्हाताऱ्याचे बोलणे माझ्या मनात बसले. हात तिकडे का गेला? तेच आता नीट समजून घेऊ.

आधी तोलाचा हिशेब करू. लहान मुले फळीवर वर-खाली खेळतात, तसाच हा प्रकार. आठ फूट लांब फळी घ्या. तिचा मध्य चार फुटांवर. मशीनच्या टेबलाची मागची कड हा जणू त्या खेळाचा दगड. फळीचा निम्म्याहून जास्त भाग त्या कडेच्या बाहेर गेला, की ती बाहेरच्या बाजूला कलंडते. आता पाते आणि मागची कड यांत साधारण एक फुटाचे अंतर असते. म्हणजे चार फूट फळी कडेबाहेर गेली तेव्हा कापून झाली किती? पाच फूट. तीन फूट कापायची अजून बाकी आहे, आणि तोल मात्र गेला! हे शेवटचे तीन फूट सुतार फळीशी झटत काढतो. एका हाताने ढकलतो, दुसऱ्याने दाबतो. आणि हे सगळे पात्याच्या शेजारी.

आता पात्याचा वेग पाहा. दहा इंची पात्याचा घेर सुमारे 31 इंच, म्हणजे 80 सेंटीमीटर. अशी मशीने मिनिटाला 4,000 च्या आसपास फेरे घेतात. 80 सेंटीमीटर गुणिले 4,000. झाले 3,200 मीटर. एका मिनिटात तीन किलोमीटरांहून जास्त. तासाचा हिशेब केला तर 192 किलोमीटर. एस.टी.ची गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल, तर पात्याचा दाता तिच्या तिपटीहून जास्त वेगाने पळतो. माणूस 'अरे' म्हणेपर्यंत बोटावरून शेकडो दाते गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट आहे. पाते आपल्याकडे फिरत येते. आपल्या बाजूचे दाते वरून खाली जातात. ते फळीला टेबलावर दाबून धरतात. हे चांगले. पण मागच्या बाजूचे दाते खालून वर येतात. फळी वाकडी झाली, किंवा चिरलेली फट आवळली गेली, की मागचे दाते फळीला पकडतात, उचलतात, आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. फळी पोटात बसते. कधी फळी निसटते आणि तिच्यावर दाबलेला हात थेट पात्यावर पडतो. हे टाळायला चांगल्या मशीनला पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी असते. तिला रिव्हिंग नाईफ म्हणतात. ती चिरलेली फट मिटू देत नाही. पुष्कळ लोक 'आड येते' म्हणून ती पहिल्याच दिवशी काढून ठेवतात. तुम्ही काढू नका.

अमेरिकेत अशी मशीने घरोघरी फार. तिथल्या सरकारी खात्याने 2015 सालचा अंदाज काढला. त्या एका वर्षात या मशीनच्या 30 हजारांहून जास्त दुखापती दवाखान्यात आल्या. ती माणसे काही अडाणी नव्हती. म्हणजे नुसते 'जपून काम कर' म्हणून भागत नाही. मांडणीच अशी हवी की हात पात्याजवळ न्यायची पाळीच येऊ नये.

मांडणीतली पहिली वस्तू म्हणजे मशीनच्या मागचे बाक. फळी पात्यातून बाहेर आली की तिला अलगद झेलणारे बाक. मग त्याची उंची किती असावी?

तुम्ही म्हणाल, सोपे आहे. मशीनइतकीच. मीही तसेच म्हणालो होतो. पण बरोबर तेवढीच करू गेलो आणि केसभर जास्त झाली, तर? फळी पात्यातून सरळ येते आणि तिचे तोंड बाकाच्या कडेला ठेच खाते. फळी थांबते. मागून माणूस जोर लावतो. जोर लावताना हात कुठे असतो? पात्याकडे. फळी सुटली की हात पुढे जातो. म्हणून बाक मशीनपेक्षा वर कधीही नसावे. अगदी बरोबरीने असावे म्हटले, तर आज बरोबर असते आणि उद्या जमीन दबली की चुकते.

म्हणून बाक किंचित खाली ठेवायचे. किंचित म्हणजे किती? एक सूत.

सूत म्हणजे काय ते सुताराला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एका इंचाचे आठ भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. आपल्याकडे 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. मीटर आले, सेंटीमीटर आले. शाळेत आम्ही मुलांकडून ती मापे घोकून घेतली. पण सुताराच्या तोंडचे सूत काही गेले नाही, आणि मला तरी ते जावे असे वाटत नाही. एक सूत म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. जवळजवळ तेवढी जाडी झाली.

तर मशीन 34 इंच असेल, तर बाक 33 इंच 7 सूत. एवढ्या फरकाने फळी झुकत नाही. आणि तिचे तोंड अडतही नाही. शिवाय बाकाची मशीनकडची वरची कड रंध्याने थोडी उतरती करून घ्या. पातळ प्लायवूडचे तोंड जरा लवते. ते त्या उतारावरून वर चढते.

बाकाची लांबी किती? तोलाचाच हिशेब पुन्हा करा. आठ फुटी फळी पूर्ण कापून झाली तेव्हा तिचा मध्य पात्यापासून चार फुटांवर असतो. त्यातला एक फूट मशीनवर. म्हणजे मध्य मशीनच्या कडेपासून तीन फुटांवर. बाक तीन फुटांहून लांब हवे, तरच फळी कलंडणार नाही. चार फूट केले की निर्धास्त. मग फळी कापून झाली की आपोआप बाकावर पडून राहते. तिला धरायला दुसरे माणूस लागत नाही.

हे दुसरे माणूस म्हणजे कोण, तेही सांगतो. त्या घरात फळी धरायला दर वेळी सुनेला हाक जायची. तव्यावर भाकरी टाकलेली, आणि बाहेरून हाक. ती बिचारी पिठाच्या हातांनी यायची आणि फळीचे टोक धरायची. तिला वाटायचे, नवऱ्याला मदत करावी. म्हणून ती फळी आपल्याकडे ओढायची. हे तर फारच वाईट. पलीकडच्याने ओढले की फळी गाइडपासून सुटते आणि वाकडी होते. कोणाला उभे करायचेच असेल, तर त्याला बजावून सांगा, की फळी खालून नुसती झेलायची. ओढायची नाही. ढकलणारा एकच असावा.

एवढे ठरले. मग बाप-लेकांत वाद सुरू झाला.

लेक म्हणाला, "आबा, बाक मशीनएवढं उंच करू. त्यावरच रंधा मारू, त्यावरच जोडणी करू. पडवीत दोन बाकं मावत नाहीत."

बाप म्हणाला, "चौतीस इंचांवर मी रंधा मारू? खांदे निखळतील माझे. रंध्याला अंगाचा भार लागतो."

दोघांचेही खरे होते. वाद तोंडाने मिटणार नव्हता. मी टेप मागवला.

उंची मोजायची ती माणसाच्या कोपरापासून. कामावर पायात जे घालता तेच घालून सरळ उभे राहा. हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. कामाच्या उंचीचा अभ्यास करणाऱ्यांनी याचे ढोबळ नियम घालून दिले आहेत. हलके काम असेल, तर हात कोपराच्या खाली 10 ते 15 सेंटीमीटरवर चालावा. अंगाचा जोर लागणारे काम असेल, तर 15 ते 40 सेंटीमीटर खाली. बारीक नक्षीचे काम कोपराच्या थोडे वरच बरे, म्हणजे डोळे जवळ येतात आणि मान मोडत नाही.

लेकाचे कोपर भरले 105 सेंटीमीटर. बापाचे 100. मशीनचे 34 इंच म्हणजे 86 सेंटीमीटर. लेकासाठी ते कोपराखाली 19 सेंटीमीटर झाले. त्याला मशीनचे काम ठीक, रंधाही चालेल. बापासाठी ते 14 सेंटीमीटरच झाले. रंध्यासाठी हे उंच. त्याला 25 सेंटीमीटर तरी खाली हवे. म्हणजे बाक 75 सेंटीमीटर, तीस इंचांच्या आत-बाहेर. म्हातारा टेप न लावता बरोबर बोलला होता!

जुनी खूणही हेच सांगते. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, आणि तळवा जमिनीला समांतर करा. तळवा जिथे टेकेल तिथे रंधा मारायच्या बाकाची उंची. ज्याला टेप वाचता येत नाही, त्यालाही हे जमते.

एक विसरू नका. हात चालतो तो बाकावर नव्हे, बाकावरच्या लाकडावर. चार इंच जाडीचा वासा बाकावर ठेवला, की उंची चार इंच वाढली. कपाट जोडायचे असेल तर ते बाकावर चढवूच नये. बुटक्या घोड्यांवर किंवा जमिनीवर घ्यावे.

मग तोड काय निघाली? मशीनचे पाय कापायचा विचार लेकाने बोलून दाखवला. कारखान्यातून आलेल्या स्टँडचे पाय कापू नयेत. तोल बिघडतो, मशीन थरथरते. स्टँड घरी केलेला असता तर गोष्ट वेगळी. तो आधीच आपल्या कोपराच्या मापाने करता आला असता. इथे बापानेच तोड काढली. तो म्हणाला, "बाक खाली येत नाही, तर मी वर जातो." त्याने चार इंच उंचीचा एक लांबरुंद पाट केला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, खाली आडव्या पट्ट्या ठोकून भक्कम. तो बाकाच्या पलीकडच्या अंगाला टाकला. त्यावर उभे राहिले की 34 चे 30 झाले.

पण पाट मशीनच्या बाजूला कधी आणायचा नाही. मशीनपाशी पाय अडखळला तर हात कुठे जाईल ते सांगायला नको. माझे विचाराल तर, जागा असेल त्याने दोन बाके करावी. एक मशीनच्या मागचे आणि एक रंध्याचे बुटके. पाट ही अडचणीतली सोय आहे.

आता बाक नेमके एक सूत खाली बसवायचे कसे? आपल्या पडव्या काही सपाट नसतात. शेणाने सारवलेली जमीन. एक पाय इकडे, एक पाय खड्ड्यात. आधी मशीनच्या चारी पायांखाली आणि बाकाच्या चारी पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे पक्के बसवा. नुसत्या मातीवर पाय ठेवले की मोटरच्या थरथरीने ते रोज थोडे रुततात.

मग मशीन पाणसळीने सपाट करा. पाणसळ नसेल तर गवंड्याची पारदर्शक नळी आणा. नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही तोंडे उघडी ठेवून वर धरा. दोन्हीकडचे पाणी एकाच उंचीवर उभे राहते. पाणी खोटे बोलत नाही. मशीन एकदा सपाट झाले की त्याला हात लावायचा नाही. आता त्याच्या हिशेबाने बाक बसवायचे.

त्यासाठी एक सरळ पट्टी हवी. पट्टी सरळ आहे हे कशावरून? हे शाळेतल्या भूमितीचे काम आहे. पट्टी जमिनीवर किंवा प्लायवूडवर ठेवा. तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा. मग पट्टी उलटी करा. तीच कड त्याच रेघेला लावा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर पट्टी सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. रंधा मारून ती सरळ करा.

ही पट्टी मशीनवर आडवी ठेवा, आणि तिचे टोक बाकावर येऊ द्या. पट्टीच्या खाली, बाकावर, रुपयाची दोन नाणी सरकवा. नाणी आत सरकली पाहिजेत, पण खेळता कामा नयेत. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, बाकाच्या लांबच्या टोकाला पाहा. कमी-जास्त असेल तर पायाखाली जोडपाचर मारा. जोडपाचर म्हणजे एकमेकींसमोर ठोकायच्या दोन पाचरी. दोन्ही बाजूंनी एकेक टोला दिला की बाक केसाकेसाने वर येते. नट-बोल्टचे पाय असतील तर आणखी बरे. पण पाचरीचे ज्ञान म्हाताऱ्याकडे होते, आणि ते फुकट होते.

पाऊस सुरू झाला की हे माप पुन्हा तपासा. लाकूड पाणी पिते आणि फुगते. लांबीत फारसे वाढत नाही, पण जाडीत वाढते. आंब्याच्या जाड फळ्यांचे बाक असेल, तर पावसाळ्यात आपण ठेवलेल्या एका सुतातले निम्मेअधिक त्यातच जाऊ शकते. सारवलेली जमीनही ओलीने दबते. त्या घरी आता मृगाच्या पावसानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नाणी घालून पाहतात.

आणखी दोन-तीन गोष्टी या बाकाच्या आहेत. मशीनच्या टेबलावर दोन उभ्या खाचा असतात. त्यांतून आडवे कापायची सरकपट्टी चालते. ती पट्टी मागे बाहेर येते. बाक अगदी चिकटून असेल तर ती बाकाला अडते. म्हणून त्याच रेषेत बाकालाही खाचा पाडा. बाक जड असावे, ढकलले तरी हलू नये. शिकंजा बाकाच्या पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका. आणि कापायला लागण्यापूर्वी बाक रिकामे करा. पटाशी, खिळ्यांचा डबा, चहाचा कप, काही नको. हेच बाक रंध्याला आणि जोडणीलाही वापरायचे म्हणजे त्यावर पसारा होतो. पसाऱ्याला फळी अडली, तर उंची जुळवून काय मिळवले?

प्लायवूडचा पूर्ण तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो. 18 मिलिमीटर जाडीचा तक्ता 30 किलोच्या आसपास भरतो. तो एकट्याने मशीनवर सांभाळणे कठीण. मागे बाक हवे तसे डाव्या अंगालाही त्याच उंचीचा आधार हवा. तोही एक सूत खालीच.

आता जरा रागाने बोलतो. काही ठिकाणी मी पाहिले आहे. फरशी कापायचे हातातले कटर घेतात. ते एका फळीखाली उलटे स्क्रूने आवळतात. त्याचे बटण दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून टाकतात. झाले टेबल मशीन! त्याला ना गाइड, ना मागची पट्टी, ना झटकन बंद करायची सोय. बटण बांधलेले, म्हणजे बंद करायला भिंतीपर्यंत धावायचे. असले मशीन वापरू नका. उंची जुळवायचा प्रश्नच तिथे येत नाही. त्यापेक्षा हातकरवत बरी. तिने बोट कापले तरी बोट जाग्यावर राहते.

17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत 18 धंदे घेतले, आणि त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि आधी शिक्षण, असे तिचे स्वरूप ठरले. शिकायला जाल तेव्हा शिकवणाऱ्याला विचारा, की मशीनच्या मागे बाक किती उंच ठेवू? विचारायला लाजू नका.

बाकी नेहमीचे नियम तुम्हाला ठाऊकच असतील. हातमोजे घालून पात्याशी काम करू नये, मोजा अडकला की हात ओढला जातो. गळ्यात टॉवेल नको. फळीचे शेवटचे वीतभर टोक काठीने ढकलावे, बोटांनी नव्हे. पाते लाकडाच्या वर दोन सुतांहून फारसे ठेवू नये. पाते बदलताना पिन काढलेली असावी. भुसा रोज झाडावा, त्यावरून पाय घसरतो. नाकातोंडाला फडके किंवा मुखपट्टी लावावी. लाकडाची धूळ वर्षानुवर्षे नाकात गेली तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे आता डॉक्टरांनी नक्की केले आहे.

पोराचे बोट भरून आले. नख जरा वाकडे उगवले आहे. बाक तयार झाले त्या दिवशी मला बोलावणे आले. बापाने दोन नाणी हातात घेतली आणि पट्टीखाली सरकवून दाखवली. मग लेकाने मशीन सुरू केले आणि आठ फुटी फळी लावली. फळी पात्यातून गेली, बाकावर चढली, सरकत राहिली. लेकाने काठीने शेवटचे टोक ढकलले आणि हात मागे घेतला. दोन तुकडे बाकावर शेजारी शेजारी पडून राहिले. कोणी काही धरले नव्हते.

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "आज हाक आली नाही, म्हणून बघायला आले."

म्हाताऱ्याने दोन्ही नाणी पुसली आणि बाकाच्या खणात ठेवून दिली. ती खर्चायची नाहीत, असे त्याने घरात सांगून ठेवले आहे.